हैबतीनानांच्या टोपीतलं बिऱ्हाड

आमच्या कोंडात काहीही आपोआप होत नाही. म्हैस आटली तर ती कुणीतरी आटवलेली असते, विहिरीवरची मोटर जळली तर ती कुणीतरी जाळलेली असते. बाकी जगात गोष्टी नुसत्या घडत असतील. वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून बसलेल्या आमच्या मूठभर घरांत त्या घडवल्या जातात, आणि कुणी घडवल्या ते शोधून काढायला आमच्याकडे हैबतीनाना आहेत.

नाना उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका ऑफिसात शिपाई होते. तिथल्या स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची, आणि काही हरवलं की चोर कोण हे सांगायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. चोर नेहमी नवीन लागलेला माणूस निघायचा, नाहीतर झाडूवाली बाई. एकदा साहेबांचं सोनेरी पेन साहेबांच्याच कोटात सापडलं, पण तोवर झाडूवाली कामावरून गेली होती. ही गोष्ट नाना सांगत नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ सांगायचा, दोन घोट पोटात गेल्यावर. नाना निवृत्त होऊन गावी आले ते किल्ली तिकडे देऊन आणि सवय बरोबर घेऊन.

गावी आल्यावर त्यांच्या हाताला कामच काम लागलं. एका पावसाळ्यात कशेडीला दरड आली आणि चिपळूणला लग्नाला गेलेली आमची माणसं येताना घाटात अडकून पडली. पावसाळ्यात कशेडीला दरड येते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नानांनी मात्र माणसं घरी पोचायच्या आत शोध लावला, की गाडीत बसलेल्या भागोजीनं जाताना घाटातल्या देवीपुढे नारळाऐवजी केळी ठेवली होती. "कुणाचं तरी काम हाय हे," असं म्हणून नानांनी भागोजीकडे पाहिलं आणि भागोजीनं गुन्हा कबूल केला. भागोजी हा नानांचा शेजारी. तो त्यांचं काहीही कबूल करतो. तो गावातच नव्हता त्या आठवड्यात मेलेल्या एका रेड्याचं पापसुद्धा त्यानं डोक्यावर घेतलेलं आहे.

नानांना बघायचं तर सकाळी बघावं. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. घराच्या मागच्या परड्यात त्यांनी झेंडूचा वाफा केला आहे. रोपं मुंबईच्या कुठल्याशा नर्सरीतून, एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. फुलं झोलाईदेवीला जायची, म्हणून परड्यात बाईमाणसाला मज्जाव. नानी होत्या तोवर तो त्यांनाही चुकला नव्हता. महिन्यातले काही दिवस त्यांना स्वतःच्याच परड्याच्या कवाडाबाहेर उभं राहून कोथिंबीर मागावी लागे. आता नानी नाहीत, तेव्हा परडं बारा महिने शुद्ध आहे. नाना फुलं खुडतात, टोपी काढतात, ती उलटी धरून त्यात फुलं भरतात, आणि बोडक्या डोक्यानं देवळापर्यंत चालत जातात. त्यांचं टक्कल उन्हात चमकत चाललं की गावाला कळतं, देवीची पूजा निघाली. देवळात फुलं ओतली की टोपीला एक टिचकी मारून ती परत डोक्यावर.

कालचं निर्माल्य गोळा करायचं कामही त्यांचंच. पूर्वी ते ओढ्यात सोडत. पण पावसाळा सरला की ओढ्याला धार राहत नाही, नुसती डबकी उरतात, आणि देवीचं फूल कुणाच्या पायाखाली येता कामा नये. तेव्हा नानांनी गेल्या साली ठरवलं, की देवळाच्या पायरीला लागून ज्याचं शेत, त्याच्या कोपऱ्यात ते ठेवायचं. देवीचं फूल पिकाच्या मुळाशी पडलं की पीक सोन्यासारखं येतं, असं त्यांनी वर सांगितलं. ते शेत होतं रखमावहिनींचं. वहिनींना धन्य धन्य वाटलं.

आणखी एक मान नानांनी आपल्याकडे ओढून घेतला होता, तो कौल लावायचा. अडलंनडलं की आमच्याकडे देवीला विचारतात. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा मान गुरवाचा. पण गुरवाचा मुलगा ओम, जो कौल लावायचा, तो महाडच्या एमआयडीसीत लागला, आणि त्याच्या सुट्टीसाठी देवीनं थांबावं हे काही नानांना पटेना. तेव्हापासून पाकळ्या नाना चिकटवतात. माझी रस्त्यालगत पिठाची गिरण आहे, बाजूला मसाल्याची डंकी. पट्ट्याच्या आवाजात माणसं काय बोलतात ते मला ओठांवरून कळतं, तसं नानांच्या बोटांवरूनही कळतं. जे उत्तर हवं त्या बाजूची पाकळी ते जरा कमी भिजवतात. देवीनं आजवर त्यांना एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही, ते काय उगाच?

आता रखमावहिनींच्या मिरचीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. बुटकी, सुरकुतलेली, काळपट लाल अशी ही मिरची वहिनींच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली. तिखट अशी की जीभ भाजते, आणि रंग असा की कालवणावर तवंग नुसता पेटलेला दिसतो. आमच्या कोंडातली जी पोरं मुंबईला राहतात ती मे महिन्यात गावी येतात ते आईबापाला भेटायला, असं म्हणतात. जाताना मात्र प्रत्येकाच्या पिशवीत माझ्या डंकीवरचा मसाला असतो. पूर्वी हे बी घरोघरी होतं. हळूहळू लोकांनी बाजारची रोपं आणायला सुरुवात केली, आणि गेल्या साली उरलेल्यांची मिरची वानरांनी धुऊन काढली. यंदा ते बी फक्त वहिनींच्या गाडग्यात होतं, आणि तेही चिमूटभर.

वहिनींचे गुडघे गेलेले. म्हणून सगळं बी त्यांच्या सुनेनं, दर्शनानं लावलं. दर्शना घाटकोपरला वाढलेली. तिचा नवरा किशोर एमआयडीसीतल्या कंपनीत लागला आणि ती सासूकडे राहायला आली, तेव्हा ही पोरगी चार महिने टिकणार नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ती टिकली. भात कापल्यावर तिनं त्या शेतात वाफे ओढले, रोपं लावली, ओढ्यातून डोक्यावर पाणी आणून घातलं. गाडग्यात एक बीसुद्धा मागे ठेवलं नाही. मी म्हटलं होतं, थोडं ठेव गो. ती म्हणाली, ठेवून काय करू, जुनं झालं की उगवत नाय.

संक्रांत झाली आणि मिरचीची पानं वळायला लागली. कडा वर उचलून पान होडीसारखं व्हायचं, मागची बाजू भाजल्यासारखी दिसायची, आणि कळी धरायच्या आत गळायची. याला आम्ही बोकड्या म्हणतो. माझ्या सासूच्या वेळेलाही यायचा. पण तेव्हा नाना मुंबईत पेन शोधत होते.

नाना बांधावर आले, चपला काढल्या, कमरेवर हात ठेवून शेत बघितलं आणि म्हणाले, "कुणाचं तरी काम हाय हे." दुसऱ्या दिवशी कौल लावला. विचारलं काय, तर बाईमाणसाचा विटाळ झालाय का. उजवी पाकळी अशी झटकन पडली की देवी वाटच बघत बसली होती म्हणायची.

आता आमच्या कोंडात दर महिन्याला बाहेर बसणाऱ्या बायका काय एक दोन आहेत? सगळ्यांच्या सगळ्या शेतात जातात, लावणीला तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. चिखलात वाकून भात लावताना कुणी कधी विचारत नाही, बाई, आज तुझा कितवा दिवस. पण मुंबईची सून सापडली की झालं. नानांनी गावकीसमोर सांगितलं, की पोरीला पाळायचं कळत नाही, पीक निघेपर्यंत तिनं शेतात पाऊल टाकायचं नाही. दर्शनानं एवढंच विचारलं, की मग पाणी कोण घालणार. नाना म्हणाले, देवी घालील. रखमावहिनींनी सगळ्यांसमोर देवीच्या पायरीवर नाक घासलं, सुनेच्या वतीनं. दुखऱ्या गुडघ्यांवर बसल्या होत्या त्या. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

देवीनं अर्थातच पाणी घातलं नाही. मी घातलं. माझं ते सगळं केव्हाच आटोपलेलं असल्यामुळे मी गावकीच्या हिशोबानं गंगाजळासारखी पवित्र आहे. गिरण बंद केली की मी हंडा घेऊन ओढ्यावर जायची, आणि दर्शना बांधाबाहेर उभी राहून मला हुकूम सोडायची. इकडे दोन तांबे जास्त, तिकडे कमी, अगो काकू, रोपावर पाय पडतोय. पाठ माझी मोडायची आणि बोलणं तिचं ऐकायचं. एका शेताच्या दोन मालकिणी, एकीला आत जायची बंदी आणि दुसरीला बाहेर पडायची सोय नाही. तिनं आत यावं म्हणून मी एकदा अंधार पडल्यावर खुणावलं. ती म्हणाली, चोरून कशाला येऊ, शेत माझंच हाय.

तिनं मोबाइलवर पानाचा फोटो काढून तालुक्याच्या कृषी सहायकाला पाठवला होता. त्यांचा निरोप आला, की हे फुलकिडे दिसतात. अगदी बारीक, पंखाला झालरी, पानाचा कोवळा रस ओरबाडून पितात म्हणून पान वळतं. फुलांत लपून बसतात, फूल पांढऱ्या कागदावर झटका म्हणजे चालताना दिसतील. निळे चिकट कागद लावा आणि निंबोळीचा अर्क मारा. किशोरनं महाडहून निळे कागद आणलेही. पण शेतात निळं काही टांगलं तर नाना करणी म्हणतील या भीतीनं रखमावहिनींनी ते पलंगाखाली सरकवून ठेवले. देवाला माणूस एक वेळ समजावू शकतो, नानांना कसं समजावणार?

मग एके दिवशी बांधावरून दर्शना म्हणाली, काकू, देवळाकडच्या कोपऱ्यातलीच रोपं जास्त का मुरडलीत? मी सरळ उभी राहिले आणि बघितलं. खरंच. ओढ्याकडची रोपं बरी होती, आणि देवळाकडे यावं तसतशी वाईट. अगदी कोपऱ्यात तर नुसत्या काड्या. आणि त्या काड्यांच्या मुळाशी नानांचं निर्माल्य, रोज टोपीभर, कालचं सुकलेलं आणि आजचं ताजं. सुकलेल्या फुलात कोण राहतं? फूल वाळलं की त्यातलं बिऱ्हाड शेजारच्या हिरव्या पानावर जाणारच, माणसं नाही का गाव सोडून मुंबईला जात?

दर्शनानं नानांना वाटेत गाठून नीट शब्दांत सांगितलं, की फुलं जरा दुसरीकडे ठेवा, त्यात किडे असतील. नाना तिथल्या तिथे कानावर हात ठेवून उभे राहिले. देवीच्या फुलात किडे? तोंड धू आधी, म्हणाले. आणि शेतावरचं संकट वाढलंय म्हणून दुसऱ्या दिवसापासून निर्माल्य दुप्पट टाकायला लागले. माणूस वाईट नाही हो. त्यांना खरंच वाटत होतं की ते शेत वाचवताहेत. म्हणून तर भीती वाटते अशा माणसाची. वाईट माणूस निदान मधून मधून दमतो.

त्याच सुमाराला मी त्यांच्या परड्याच्या कुडाजवळून जात होते. नानांनी पाण्याच्या टाकीपाशी घरच्यापुरती चार मिरचीची झाडं लावली होती, बाजारच्या रोपांची. ती त्यांनी जुन्या धोतरानं झाकली होती. मी विचारलं तर म्हणाले, थंडी लागते. वाऱ्यानं धोतर उडालं तेव्हा मला दिसलं. अस्सल बोकड्या. संध्याकाळी दर्शनाला सांगितलं. ती हसली नाही, तिनं फक्त मान हलवली.

फाल्गुन लागला, शिमगा जवळ आला. देवीची पालखी त्या बांधावरून जाते. दर्शनानं पाऊल टाकलं नव्हतं तरी शेत सुधारत नव्हतं, तेव्हा नानांनी दोन शोध लावले. एक, पोरगी गुपचूप आत जाते. दोन, विटाळलेल्या शेताच्या बांधावरून देवी न्यायची तर आधी ते शेत मुळासकट उपटून जाळलं पाहिजे. पुन्हा कौल लावायचं ठरलं. नानांच्या मनात आलं की ते देवीच्या मनात येतंच, त्यामुळे उत्तर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रखमावहिनींनी त्या दिवशी रिकामं गाडगं कोनाड्यातून काढलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. सासूच्या सासूपासूनचं बी माझ्या हातून बुडणार, एवढंच म्हणाल्या.

कौलाच्या सकाळी सगळा गाव देवळाशी जमला. आमच्या देवळाला भिंती नाहीत, वर पत्रा आणि खाली पाषाण, त्यामुळे पायरीवरून शेत दिसतं आणि शेतावरून पाषाण. किशोरला नेमकी पहिली पाळी होती. कंपनीतली पाळी पवित्र असते, ती आली की माणसाला कुठल्याही भांडणातून सुटका मिळते. दर्शना एकटी बांधावर उभी होती, पदर खोचून.

नाना टोपीभर झेंडू घेऊन आले. फुलं पाषाणापुढे ओतली, टोपीला टिचकी मारली आणि ती घामेजल्या टकलावर चढवली. पाकळ्या भिजवल्या, उजवी जरा कमी, हे मी बघून ठेवलं. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. आई झोलाई, तुझ्या लेकरांच्या हातून जे काही कमीजास्त झालं असेल ते, इथपर्यंत आले आणि थांबले. टोपी डावीकडे सरकवली. परत सुरू केलं, तर टोपी उजवीकडे. कौलाच्या वेळी डोकं खाजवायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला. म्हणून ते टोपीवरूनच टक्कल चोळायला लागले, आधी हळू, मग पीठ मळल्यासारखं. मान हलायला लागली, डोळे मिटले, दात आवळले गेले. भागोजी घाबरून पुढे झाला.

"नाना, अंगात येतंय का?"

कुणीतरी तेवढ्यात नारळ पुढे केला. नाना बोलू शकत नव्हते. बांधावरून दर्शनाचा आवाज आला, अगदी साधा, जेवायला बसा म्हणावं तसा.

"नाना, टोपी काढा."

काढली. खाजेपुढे मानपान कुठवर टिकणार? काढली आणि दोन्ही हातांनी डोकं ओरबाडायला लागले. टोपी भागोजीच्या हातात आली. त्यानं आत बघितलं, उन्हात धरून परत बघितलं. आयुष्यात प्रथमच भागोजीनं नानांना न विचारता तोंड उघडलं.

"नाना, टोपीत बिऱ्हाड हाय."

टोपी हातोहात फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी चष्मा लावला. पांढऱ्या इस्त्रीच्या कापडावर रव्याचा कण उभा चिरावा तसे पिवळट, तपकिरी, बारीक जीव इकडून तिकडे पळत होते. थोडेथोडके नाहीत, शिवणीच्या घडीत तर गर्दी. मग कुणीतरी पाषाणापुढचं एक फूल उचलून धोतरावर झटकलं, तर तिथेही तेच. बायकांनी माना पुढे काढल्या. ज्यांना महिनाभर शेतातल्या पानावर काही दिसत नव्हतं त्या सगळ्यांना एका टोपीत सगळं दिसलं. आमच्या लोकांचं असंच आहे, कीड शेतात असली तर देवाची, डोक्यात गेली तर खरी.

दर्शना बांधावरून म्हणाली, "नाना, हे कुणाचं काम हाय?"

नाना म्हणाले, शेतातून आले असतील. दर्शना म्हणाली, "फुलं तुमच्या परड्यातनं आली. तुमची मिरचीपण मुरडलीय, तुम्ही धोतर टाकून झाकलीय. तुमच्या परड्यात कोण बाई येते, नाना?"

आधी कुणाला कळलं नाही. मग म्हातारी गोदूबाई जी हसायला लागली ती खोकला लागेपर्यंत थांबेना. तिच्यामागून बाकीच्या बायका, मग तोंडावर उपरणं धरून पुरुष. नानांचं टक्कल लाल झालं होतं, काही खाजवून, काही दुसऱ्या कारणानं. त्यांनी पाषाणाकडे बघितलं, निदान देवी तरी काही म्हणेल म्हणून. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या. आधी कुठली पडली, ते टोपी बघण्याच्या नादात कुणी पाहिलंच नाही.

"किडाबिडा काय, तो येतो आपोआप," नाना म्हणाले.

आपोआप. हा शब्द नानांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. भागोजीची केळी आपोआप नव्हती, झाडूवालीचं पेन आपोआप नव्हतं, या पोरीचं अंग आपोआप नव्हतं. नानांच्या टोपीवर आलं तेव्हा मात्र जगात गोष्टी आपोआप होऊ लागल्या.

दर्शनानं चपला काढून बांधावर ठेवल्या. "आज माझा दुसरा दिवस हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कुणाला अडवायचं असेल तर आत्ता अडवा." आणि शेतात उतरली. कुणी अडवलं नाही. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि तिथली वाळकी रोपं एकेक करून उपटायला लागली, मुळाशी साचलेल्या झेंडूसकट. तिच्याच हातानं लावलेली रोपं ती. उपटताना तिचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलं, आणि मलाच रडू आलं. रखमावहिनी काठी टेकत उठल्या. मला वाटलं, आता परत नाक घासतात. त्या पायरीपर्यंत गेल्या, थांबल्या आणि देवीकडे पाठ करून म्हणाल्या, "ते निळे कागद माझ्या पलंगाखाली हायत. कुणीतरी आणा गो."

निळे कागद लागले आणि आठवड्याभरात ठिपक्यांनी भरले. अर्क मारला. निर्माल्यासाठी देवळामागे खड्डा केला, आणि त्यात फुलं टाकून वर माती ओढायचं काम गावकीनं नानांनाच दिलं, मान त्यांचाच. शिमग्याला पालखी त्याच बांधावरून गेली. देवीनं काही तक्रार केली नाही. निम्मी मिरची गेली ती गेलीच. पण ओढ्याकडची झाडं लागली, लाल झाली, आणि वहिनींच्या गाडग्यात बी परत पडलं. यंदा त्यांनी ते गावातल्या सात-आठ घरांत वाटून टाकलं, एकाच गाडग्यावर भरवसा नको म्हणून. वाटलं ते दर्शनाच्या हातानं.

तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. नानांनी तर नाहीच. त्यांनी पंधरा दिवसांत नवा शोध लावला, की हे मुंबईच्या नर्सरीवाल्याचं काम होतं. नर्सरीवाला मुंबईत, त्याला काय पत्ता की आपण वरंधच्या वर गुन्हेगार ठरलोय. भागोजीनं मान डोलावली, पण पूर्वीइतकी नाही.

एप्रिलात माझी डंकी सुरू झाली. एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, नाना डबा घेऊन आले. टोपी नवीन होती. बाकड्यावर बसले, उन्हाबद्दल बोलले, मग मसाला आहे का म्हणाले. आहे, म्हटलं. सवयीनं त्यांनी विचारलं, मिरची कुणाची.

"दर्शनाची," मी म्हटलं. "बाहेरची होती तेव्हा चारी दिवस तिनंच खुडली, मी डोळ्यांनी बघितलं. घालू का?"

नानांनी रस्त्याच्या वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. मग डबा पुढे केला.

"घाल," म्हणाले. "पण कुणाला सांगू नको."

मी डबा काठोकाठ भरला आणि झाकण दाबून बसवलं. सांगणार नाही असं काही मी कबूल केलं नाही. कबूल करायला मी काय भागोजी आहे?